जे. जे. वॉटची कॉलेजची वर्षं: २००८ चा रकाना रिकामा का, आणि ७ सॅकवर अकरावा क्रमांक कसा?

शंभर_यार्ड:

एनएफएलमधला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला वॉट सगळ्यांना पाठ आहे, तो बाजूला ठेवू. माझं घोडं अडलंय ते त्याच्या आधीच्या चार वर्षांपाशी. त्याची कॉलेजची आकडेवारी अशी दिसते:

२००७, सेंट्रल मिशिगन: टाइट एंड (ऑफेन्सचा, म्हणजे चेंडू असलेल्या बाजूचा, अडवणारा आणि झेलही घेणारा खेळाडू), १४ सामने, ८ झेल, ७७ यार्ड
२००८, विस्कॉन्सिन: कोरं
२००९, विस्कॉन्सिन: डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या पुढच्या फळीच्या टोकाचा), १३ सामने, ४४ टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं), रेषेमागे (डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या मागे पाडलेले) १५.५, सॅक (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकायच्या आत पाडणं) ४.५
२०१०, विस्कॉन्सिन: ६२ टॅकल, रेषेमागे २१, सॅक ७, अडवलेले पास ९, घडवलेले फम्बल (समोरच्याच्या हातून सुटलेला चेंडू) ३, ब्लॉक केलेल्या किक ३

आणि एप्रिल २०११ मध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ह्यूस्टनने अकराव्या क्रमांकावर उचलला.

आता शंका. २००८ मध्ये तो दुखापतीने बाहेर होता की आणखी काही? पूर्ण स्कॉलरशिप सोडून दुसरीकडे ‘वॉक-ऑन’, म्हणजे बिनस्कॉलरशिपचा, जायचं म्हणजे व्यवहारात नेमकं काय सोडायचं? अर्धा सॅक हा काय प्रकार आहे? आणि शेवटच्या सीझनला ७ सॅक म्हणजे काही डोळे दिपवणारा आकडा नाही, मग इतक्या वर कसा गेला? कबड्डीतला कोपरारक्षक समजून एंडकडे बघितलं तर थोडं कळतं, पण आकडे लागत नाहीत.

रेडशर्ट_राव:

दुखापत वगैरे काही नाही, नियम होता. तेव्हा वरच्या विभागातल्या एका कॉलेजातून त्याच विभागातल्या दुसऱ्या कॉलेजात गेलं की एक वर्ष बसायचं. सराव करा, जिम करा, बैठकांना बसा, पण शनिवारी मैदानावर पाय ठेवायचा नाही. सेंट्रल मिशिगन मॅक कॉन्फरन्समधलं (कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट), विस्कॉन्सिन बिग टेनमधलं, दोन्ही एकाच विभागात. म्हणून २००८ कोरं.

हिशेब असा होता: कॉलेजात दाखल झाल्यापासून पाच वर्षं घड्याळ चालू, त्यात चार सीझन खेळायचे. एखादा सीझन न खेळता काढला की तो ‘रेडशर्ट’. वॉटचं घड्याळ २००७ ला सुरू झालं. २००७ खेळला, २००८ बसला, २००९ आणि २०१० खेळला. म्हणजे २०११ चा सीझन हातात होता, तो सोडून ड्राफ्टला गेला. एनएफएलची अट हायस्कूल संपल्यावर तीन वर्षं एवढीच आहे, ती कधीच पुरी झाली होती.

हे आजच्या खेळाडूला लावू नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (बदली हवी असलेल्या खेळाडूंची नोंदयादी) आलं. २०२१ पासून एकदा बदली केली तर बसावं लागेना, आणि २०२४ पासून अभ्यास वेळेवर चालू असेल तर कितीही बदल्या करा. रेडशर्टचंही तसंच. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळलात तरी सीझन मोजला जात नाही. त्याआधी दुखापतीची सवलत सोडली तर एका सामन्यात एक स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारा एक डाव) खेळला की वर्ष गेलं. त्यामुळे जुन्या पानावर कोरं वर्ष दिसलं तर ते मुद्दाम राखलेलं किंवा नियमाने बसवलेलं असण्याची शक्यता मोठी. नव्या पानावर पहिल्या वर्षी ‘३ सामने, २ टॅकल’ दिसलं तर तेही बहुधा रेडशर्टच.

आता वॉक-ऑन. त्या काळी या विभागात संघाला ८५ स्कॉलरशिप. आणि त्या फोडता येत नसत, हे फार जण विसरतात. बेसबॉलमध्ये अर्धी, पाव अशी वाटणी चालायची. फुटबॉलमध्ये डोकं मोजायचे. मिळाली तर पूर्ण, नाहीतर शून्य. म्हणजे वॉटने फी, राहणं, जेवण आणि पुस्तकं हे सगळं सोडलं. एक बरं की तो पिवॉकीचा, म्हणजे विस्कॉन्सिनचाच, आणि सरकारी विद्यापीठात घरच्या राज्यातल्या मुलाला फी बरीच कमी असते. मधल्या काळात त्याने पिझ्झा पोचवायचं कामही केलं, हे तर सगळीकडे छापून आलंय.

सोडलं का? सेंट्रल मिशिगनचा ऑफेन्स पसरलेला, टाइट एंडला फारसं काम नाही. प्रशिक्षकांनी त्याला ऑफेन्सिव्ह टॅकलला (ही लाइनमधली अडवण्याची जागा, आकड्यातला टॅकल वेगळा) सरकवायचा विचार बोलून दाखवला, आणि तो निघाला. विस्कॉन्सिनकडे वॉक-ऑन वाढवायची परंपरा होती. जिम लेनहार्ड हा सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) तिथे वॉक-ऑन म्हणूनच आला आणि २००२ मध्ये त्याने ११ इंटरसेप्शन केले, म्हणजे समोरच्यांचे ११ पास पकडले. तिथे त्या दारातून आत येणारा मुलगा निव्वळ भरतीचा धरला जात नव्हता.

(आता ८५ चा आकडाही गेला. २०२५ पासून, ज्या कॉलेजांनी नवा समझोता मान्य केलाय तिथे स्कॉलरशिपवर मर्यादा नाही, पण संघ मात्र १०५ जणांचा. पूर्वी वॉक-ऑन धरून १२०च्या पुढे जाणारे संघ असायचे. कात्री कुणावर चालली ते सांगायला नको.)

पाचवं_टेक्निक:

वरच्या उत्तरात एक गोष्ट राहिली. २००८ कोरं दिसतं, पण त्या वर्षी विस्कॉन्सिनने त्याला ‘स्काउट टीम’चा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं होतं. स्काउट टीम म्हणजे आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेणारा संघ. प्रशिक्षक कार्ड धरतो, त्यावर शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याची रचना काढलेली असते, आणि ही मुलं तशी उभी राहून आपल्याच पहिल्या फळीच्या ऑफेन्सशी भिडतात. विस्कॉन्सिनच्या त्या ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये लेफ्ट टॅकल होता गेब करीमी. त्याने पुढे २०१० ची आउटलँड ट्रॉफी (कॉलेजमधल्या सर्वोत्तम लाइनमनचा मान) जिंकली आणि वॉटच्याच ड्राफ्टमध्ये २९वा गेला. नव्याने एंड शिकणाऱ्याला अशा लाइनसमोर वर्षभर रोज मार खायला मिळणं, हे शनिवारच्या दहा-बारा स्नॅपांपेक्षा जास्त कामाचं. माझ्या मते वॉटचं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष तेच, आणि नेमका त्याचाच आकडा कुठे नाही.

टाइट एंडचा डिफेन्सिव्ह एंड करताना काय काय बदलतं ते सांगतो.

जागा: ऑफेन्सच्या लाइनमध्ये मधे सेंटर, त्याच्या दोन्हीकडे गार्ड, मग टॅकल. त्यांच्यावरून डिफेन्सिव्ह लाइनला आकडे असतात. ० म्हणजे सेंटरच्या नाकासमोर, ३ म्हणजे गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर, ५ म्हणजे टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर, ९ म्हणजे टाइट एंडच्याही बाहेर. चार जणांच्या लाइनमधला एंड बहुतेक वेळा ५ वर, समोर टाइट एंड असेल तर आणखी बाहेर.

सुरुवात: कानाने नाही, डोळ्याने. क्वार्टरबॅक ओरडतो ते ऐकून हललात तर तो आवाज मुद्दाम चढवून तुम्हाला ऑफसाइड ओढणार, ५ यार्ड गेले. चेंडू हलला की हलायचं. टाइट एंडला स्नॅप कधी येणार हे आधी माहीत असतं, एंडला नसतं. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त चुका इथेच.

हात: पंजे आतल्या बाजूने, अंगठे वर, समोरच्याच्या छातीवर, कोपर बरगड्यांना धरून. हात बाहेरून गेले की टॅकल तुमची छाती धरतो आणि संपलं. पंच न बघणारं होल्डिंग तिथेच होतं.

उंची: ६ फूट ५ इंचाच्या माणसाचा खरा शत्रू स्वतःची उंची. बुटक्या गार्डचे खांदे तुमच्या खांद्यांखाली गेले की १३० किलोचा माणूसही मागे सरकतो. कंबरेतून वाकून भागत नाही, घोटा आणि गुडघा वाकले पाहिजेत. कंबरेतून वाकलेला माणूस पुढे ढकलला की तोंडावर पडतो.

स्विम: बाहेरच्या हाताने समोरच्याच्या खांद्यावर फटका, आतला हात वरून पलीकडे. उंच माणसाला हे सोपं जातं आणि म्हणूनच त्याची खोड लागते. हात वर गेला की बरगड्या उघड्या. टॅकलने वाट बघून तिथे दोन्ही पंजे मारले की पाय उचलले जातात. म्हणून जोडीला खालून घुसणारा ‘रिप’ हवाच. एकाच डावावर जगणारा एंड तिसऱ्या सामन्यापर्यंत ओळखला जातो.

वजन: कम्बाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीला, वॉट २९० पौंड, म्हणजे साधारण १३१ किलो भरला, आणि तेवढ्यावर जागेवरून ३७ इंच उडाला. टाइट एंडच्या अंगावर हे चढवायचं तर आठवड्याला पाव ते अर्धा किलोपेक्षा घाई करता येत नाही. केली तर मांस कमी, चरबी जास्त, आणि पहिलं पाऊल जड. सीझन चालू असताना खेळणाऱ्याचं वजन उलट घटतं. बसलेल्या वर्षाचा हा दुसरा फायदा.

आणि शंभर_यार्ड, कोपरारक्षकाची उपमा अर्धीच लागू पडते. कोपऱ्याला चढाई अंगावर येईपर्यंत दबा धरता येतो. एंडसमोर पहिल्या क्षणाला एक १४० किलोचा माणूस उभा असतो. त्याला सोडवल्याशिवाय खरी पकड सुरूच होत नाही.

अर्धा_सॅक:

आकड्यांचं मी घेतो, नाव सार्थ करायला.

दोघांनी मिळून क्वार्टरबॅक पाडला तर प्रत्येकाला ०.५ सॅक. रेषेमागच्या टॅकललाही हाच नियम, म्हणून १५.५. साध्या टॅकलच्या रकान्यात मात्र अर्धं काही नसतं. एकट्याने केलेलं एक आणि मदतीने केलेलंही एक धरून बेरीज होते. म्हणून ६२ टॅकल म्हणजे ६२ वेळा एकट्याने माणूस पाडला असं वाचायचं नाही.

दुसरं, सॅक हा रेषेमागच्या टॅकलमध्ये मोजलेलाच असतो. बेरीज करू नका, वजाबाकी करा. २००९: १५.५ वजा ४.५, उरले ११. २०१०: २१ वजा ७, उरले १४. हे १४ म्हणजे बहुतांशी धावणारा माणूस रेषा ओलांडायच्या आत पाडलेला. मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर या १४ मध्ये आहे. सॅक एका पास-डावावर अवलंबून असतो. कॉर्नरबॅकने (पास घेणाऱ्यावर पहारा देणारा बचावपटू) तीन सेकंद रिसीव्हर झाकून ठेवला तर मिळतो, नाही तर नाही. रेषेमागचा रन-टॅकल बहुतेक वेळा स्वतःचा. समोरच्याला हरवून आत घुसल्याशिवाय तो होत नाही.

तिसरं, ९ अडवलेले पास. हा कॉर्नरबॅकचा आकडा आहे, लाइनमनचा नाही! वॉटला क्वार्टरबॅकपर्यंत पोचता येत नाहीये असं दिसलं की तो हात वर करायचा. झेल घेणाऱ्याचे हात आणि चेंडूचा अंदाज, २००७ चे ते ८ झेल इथे कामी आले. यात युक्ती एवढीच की क्वार्टरबॅकचा दुसरा हात चेंडूवरून सुटला की मग हात वर. आधी उडी मारली आणि त्याने फेकायचं नुसतं सोंग केलं तर तुम्ही हवेत आणि तो बाजूने पसार.

जाता जाता: कॉलेजच्या आकडेवारीत सॅकमुळे गेलेले यार्ड संघाच्या धावण्यातून वजा होतात, एनएफएलमध्ये पासमधून. त्यामुळे एखाद्या कॉलेजचा ‘रन डिफेन्स’ कागदावर भक्कम दिसतो आणि प्रत्यक्षात तो निव्वळ चांगला पास-रश असतो. फसू नका.

शंभर_यार्ड:

वजाबाकीचं डोक्यात नव्हतं, आभार. मग असं म्हणायचं का की सुरुवातीच्या वर्षांत सॅक बघूच नयेत, रेषेमागचे टॅकल बघावेत? की वॉटची उंची आणि उडी बघूनच त्याला वर घेतलं?

तीन_टेक:

उंचीवरच जायचं असतं तर ॲरन डोनाल्ड कुणी घेतलाच नसता. त्याचीही सुरुवात शेजारी मांडा, मजा येईल.

पिट्सबर्गमधल्याच पेन हिल्सचा मुलगा, भरतीच्या याद्यांत तीन तारे, उंची ६ फूट १ इंच. २०१० मध्ये पिट विद्यापीठात राखीव एंड: ११ टॅकल, २ सॅक. रेडशर्ट नाही, थेट खेळवला. डिसेंबर २०१० मध्ये मुख्य प्रशिक्षक डेव्ह वॉनस्टेट गेले, २०११ ला टॉड ग्रॅहम आले, ते एका सीझनमध्ये गेले, २०१२ ला पॉल क्रिस्ट. एवढ्या उलथापालथीत मुलाचं पीठ होतं. प्रत्येक नवा माणूस नव्या जागेवर उभं करतो, नवे शब्द, नवी कामं. डोनाल्ड आत सरकला आणि २०११ ला ११ सॅक. २०१२ ला ५.५ वर आला. फक्त सॅकचा रकाना बघणारा म्हणेल, घसरला. पण रेषेमागचे टॅकल १६ वरून १८.५ झाले होते. २०१३ ला पुन्हा ११ सॅक आणि रेषेमागे २८.५, आणि डिफेन्सच्या खेळाडूला मिळू शकणारे जवळपास सगळे मोठे मान एका वर्षात: आउटलँड, लोम्बार्डी, नागुर्स्की, बेडनारिक. तरी ड्राफ्टमध्ये तेरावा, वॉटच्याही दोन मागे.

तो बसला ३ वर, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर. तिथून क्वार्टरबॅकपर्यंतचं अंतर एंडपेक्षा बरंच कमी. बुटकेपणा तिथे उलट भांडवल, कारण खांदे आपोआप खाली. कम्बाइनला २८५ पौंडावर ४० यार्ड ४.६८ सेकंदांत धावला. ५ वर उभा केला असता तर लांब हातांच्या टॅकलने त्याला धरून ठेवला असता. आधी जागा बघा, मग आकडा.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: सॅक बघायचे, पण शेवटी. पहिल्या दोन वर्षांत सॅकचा आकडा इतका लहान असतो की एका दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावर मिळालेले ३ सॅक अख्खं वर्ष सजवतात. सामनावार यादी उघडा. कमजोर संघांविरुद्धचे सामने झाका आणि कॉन्फरन्समधले उरतात ते वाचा.

पाचवं_टेक्निक:

सहमत, एक भर. वॉट वर जायला ह्यूस्टनची गरजही कारण होती. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी वेड फिलिप्सना डिफेन्स दिला आणि संघ चार जणांच्या लाइनवरून तीन जणांच्या लाइनवर गेला. तिथे एंड जास्त जड लागतो, रनसमोर टिकणारा. २५०-२५५ पौंडांचा निव्वळ पास-रशर त्या जागेवर चिरडतो. २९० पौंड आणि १४ रन-टॅकल रेषेमागे, हा नेमका त्या खुर्चीचा माणूस. शिवाय फिलिप्सची पद्धत एका माणसाला एकच फट सांभाळायला देणारी, त्यामुळे वॉटला थांबून वाचत बसावं लागलं नाही.

आता बघायचं कसं. चेंडू बघू नका. स्नॅपनंतरचे पहिले दोन सेकंद फक्त एंडवर डोळा ठेवा. चेंडू कुठे गेला ते रिप्लेत दाखवतातच.

स्नॅपच्या आधी समोरच्या टॅकलचा जमिनीवर टेकलेला हात बघा. बोटांची पेरं पांढरी पडली असतील तर वजन पुढे आहे, रन येतोय. हात नुसता टेकलेला आणि ढुंगण खाली असेल तर पास. अनुभवी एंड हे वाचतो, नवशिका चेंडूकडे टक लावून बसतो. टीव्हीवर पेरं दिसत नाहीत, पण टॅकलची पाठ पुढे कललीय की सपाट आहे ते बाजूच्या कॅमेऱ्यातून कळतं.

मग बघा एंड किती खोल जातो. नव्या मुलाची हमखास चूक म्हणजे जोरात बाहेरून वळसा घेऊन क्वार्टरबॅकच्याही मागे जाणं. क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे टाकतो आणि दारातून निघून जातो. दिसायला चपळ, कामाला शून्य. चेंडू सात यार्ड मागे असेल तर एंडने सात यार्डांवर वळायला हवं, दहावर नाही.

तिसरं, रीड-ऑप्शन, म्हणजे क्वार्टरबॅक एंडला बघून चेंडू द्यायचा की ठेवायचा ते ठरवतो तो डाव. इथे ऑफेन्स एंडला मुद्दाम मोकळा सोडतो. एंड धावणाऱ्याच्या मागे आत गेला की क्वार्टरबॅक चेंडू ठेवतो आणि त्याने रिकामी केलेल्या जागेतून २० यार्ड. शहाणा एंड खांदे रेषेला समांतर ठेवून सरकत आत येतो, उडी घेत नाही. पहिल्या वर्षातला मुलगा यावर तीनदा फसतो, मग बाकावर जातो. आकडेवारीत त्याची नोंद कुठेच नसते, प्रशिक्षकाच्या वहीत असते.

रेडशर्ट_राव:

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळा: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी १२ चा सामना आपल्याकडे शनिवारी रात्री ९.३० ला, तिकडचा ३.३० चा सामना रात्री १ ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर त्यांची घड्याळं मागे जातात, मग दोन्ही एक तास उशिरा.

जुनं काही बघायचं असेल तर १६ ऑक्टोबर २०१० चा विस्कॉन्सिन विरुद्ध ओहायो स्टेट शोधा. ओहायो स्टेट तेव्हा पहिल्या क्रमांकावर होतं, विस्कॉन्सिनने ३१-१८ ने पाडलं. आणि त्याच सीझनचा रोझ बोल (सीझनअखेरचा मानाचा सामना), १ जानेवारी २०११, विस्कॉन्सिन टीसीयूकडून (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) २१-१९ ने हरलं. शेवटी बरोबरीसाठी दोन गुणांचा प्रयत्न केला आणि टीसीयूच्या टँक कार्डरने पास हाताने पाडला. ज्या संघात वॉटसारखा पास पाडणारा, तो संघ पाडलेल्या पासवर हरला!

अर्धा_सॅक:

आणि त्या दिवशी टीसीयूचा क्वार्टरबॅक होता अँडी डाल्टन. ७ जानेवारी २०१२ ला, एक वर्ष आणि सहा दिवसांनी, ह्यूस्टनच्या प्लेऑफ सामन्यात वॉटने याच डाल्टनचा पास रेषेपाशी हवेतच पकडला आणि २९ यार्ड धावून टचडाउन केला. हात वर करण्याची तीच सवय, फक्त या वेळी चेंडू खाली पडला नाही.

एक खुलासा, कारण हे आकडे पुढे जसेच्या तसे उचलले जातील: दोन सीझन मिळून विस्कॉन्सिनमधले त्याचे टॅकल १०६, रेषेमागे ३६.५, सॅक ११.५. काही जण ३६.५ मध्ये ११.५ मिळवून ४८ करतात. ते चूक. वर सांगितलं तसं, सॅक आत धरलेलेच आहेत. सॅक सोडून उरले २५.